आधी फाईल मागा, मग भांडा

वाचकांचे प्रश्न : दवाखाना, म्हातारपण आणि कायदा

या वेळच्या पत्रांत दवाखान्यातल्या हलगर्जीपणाची पत्रं आहेत आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हालांची आहेत. धुळ्याच्या कोर्टात माझी मुख्य कामं याच दोन प्रकारची, म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे दिला. नावं छापलेली नाहीत. लांबलचक पत्रांतला प्रश्न तेवढा ठेवला आहे.

मॅडम, मी मूळचा शहाद्याचा, एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत काही वकील आयुष्यभर फक्त डॉक्टरांच्या चुका आणि वृद्धांचा छळ याच केसेस लढतात, आणि जिंकले तरच फी घेतात, असं वाचलं. आपल्याकडे असं करिअर होतं का? घरचे म्हणतात, जमिनीच्या केसेस घे, खान्देशात त्याच चालतात.

घरचे चुकीचं सांगत नाहीत. वाटणी, बांध आणि शेतरस्ता यांवर इथल्या कितीतरी वकिलांची घरं चालतात. तरीही तुम्ही विचारताय ते काम इथे होतं. मी तेच करते.

मी या कामाकडे महामार्गावरून आले. धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे इथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कामाला कधी तोटा नसतो. माझे सीनियर हीच कामं करायचे. सुरुवातीला त्यांनी मला युक्तिवाद शिकवला नाही, दवाखान्याचा केसपेपर वाचायला बसवलं. जखमीला किती वाजता आणलं, आधी कोणी तपासलं, रक्त कधी मागवलं, ते चढवलं कधी. असे कागद वाचता वाचता काही प्रकरणांत वेगळंच दिसायला लागलं. ट्रकने पाय मोडला होता हे खरं, पण पाय गेला तो नंतर. प्लास्टर घट्ट बसलं होतं, बोटं काळीनिळी पडली होती, रोगी रात्रभर ओरडत होता आणि सिस्टरने दुखण्याचं इंजेक्शन देऊन त्याला झोपवलं होतं. अपघाताच्या दाव्यात या रात्रीचा हिशोब कोणी मागत नव्हतं. मी मागायला लागले.

आता फी. भारतात वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या भरपाईत हिस्साही घेता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलं आहे. तिकडची फीची पद्धत इकडे आणायचं डोक्यातून काढून टाका. तिकडचे कायदेही निराळे. कॅलिफोर्नियात वृद्धांच्या छळासाठी वेगळा दिवाणी कायदा आहे. नुसत्या चुकीच्या पुढची बेपर्वाई ठोस पुराव्याने सिद्ध झाली, तर वकिलाची फीसुद्धा समोरच्यावर बसते. पण त्याच राज्यात डॉक्टरच्या चुकीमुळे सोसलेल्या वेदनांच्या भरपाईवर १९७५ पासून अडीच लाख डॉलरची मर्यादा होती. ती वाढायला २०२३ साल उजाडलं. तेव्हा तिकडे सगळं मोकळं रान आहे, असंही समजू नका.

मी या कामात का टिकले तेही सांगते. अपघाताची भरपाई ठरवताना मृताच्या वार्षिक कमाईला वयाप्रमाणे एका आकड्याने गुणतात. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा प्रकरणात त्याचं कोष्टक दिलं. वीस वर्षांच्या मुलासाठी तो आकडा १८ आहे आणि पासष्टीच्या पुढे ५. अपघातापुरतं ते कोष्टक समजू शकतं. पण त्याची सवय सगळ्यांच्या डोक्यात बसली आहे. म्हातारं माणूस दवाखान्यात हाल होऊन गेलं की समोरचा वकील विचारतो, ‘मॅडम, त्यांची कमाई काय होती?’ या प्रश्नाचा मला आजही संताप येतो. वैद्यकीय निष्काळजीपणात हे कोष्टक जसंच्या तसं लावायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये डॉ. कुणाल साहा यांच्या प्रकरणात सांगितलं. पत्नी १९९८ मध्ये गेली, तिच्यासाठी ते पंधरा वर्षं लढले, आणि शेवटी सुमारे सहा कोटी रुपये व्याजासह मंजूर झाले. हा निकाल मूळ इंग्रजीत पूर्ण वाचा. परीक्षेपुरता गोषवारा वाचून भागणार नाही.

आणि भिली किंवा पावरी बोलता येत असेल तर ती विसरू नका. धडगाव–अक्कलकुव्याहून आलेल्या बाईचं म्हणणं दुभाष्याशिवाय समजणारा वकील नंदुरबार जिल्ह्याला फार हवा आहे.

ताई, मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, खुब्याचं हाड मोडलं. खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं, ते नीट झालं असं म्हणतात. पण घरी आणलं तेव्हा पाठीला आणि माकडहाडाशी मूठभर खोल जखमा होत्या. आता ते अंथरुणातच आहेत. दवाखाना म्हणतो, या वयात असं होतंच. फाईल मागितली तर फक्त डिस्चार्ज कार्ड देतात.

‘या वयात असं होतंच’ हे वाक्य मी कोर्टात असंख्य वेळा ऐकलं आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर ज्या माणसाला स्वतःहून कूस वळता येत नाही, त्याला दर दोन तासांच्या आसपास कुशीवर वळवायचं, पाठ बघायची, चादर कोरडी ठेवायची, हवेची गादी द्यायची. हे नर्सिंगचं रोजचं काम आहे. काही रोगी इतके खंगलेले असतात की सगळं करूनही जखम होते, तेही मी पाहिलं आहे. तुमच्या अण्णांच्या बाबतीत काय झालं ते फाईलच सांगेल. म्हणून आधी फाईल मागा, भांडण नंतर.

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. त्यांप्रमाणे दाखल रोग्याचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात, आणि रोग्याने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितले की ७२ तासांत द्यायचे असतात. तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, अण्णांची सही किंवा अंगठा घ्या, दवाखान्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. ‘पूर्ण फाईल’ एवढंच लिहू नका, नाहीतर पुन्हा डिस्चार्ज कार्डच हातात पडेल. दाखल होतानाची तपासणी, संमतीपत्र, ऑपरेशनची आणि भुलीची नोंद, औषधांचा तक्ता, रोजच्या डॉक्टर-भेटीच्या नोंदी, सिस्टरच्या पाळीवार नोंदी, कूस बदलल्याचा तक्ता, एक्स-रे, बिलं असं एकेक नाव घेऊन लिहा.

सिस्टरच्या नोंदींवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. माझ्याकडच्या एका आजींच्या प्रकरणात कूस बदलल्याचा तक्ता इतका व्यवस्थित होता की बघणाऱ्याला वाटावं, काळजी घ्यावी तर अशी. दर दोन तासांनी नोंद, एकाच अक्षरात, एकाच शाईत, दिवसपाळी आणि रातपाळी दोन्हींत. मग आम्ही एमआरआय सेंटरची पावती काढली. आजी दुपारभर दुसऱ्या इमारतीत होत्या, आणि त्याच दुपारी वॉर्डात त्यांची कूस बदलल्याच्या नोंदी होत्या. त्यानंतर त्या तक्त्यातल्या एकाही ओळीवर कोणी विश्वास ठेवला नाही.

आज संध्याकाळीच अण्णांच्या जखमांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, तारीख दिसेल असे. दुसऱ्या सर्जनला दाखवा आणि जखमेची खोली व तिचा अंदाजे काळ लिहून घ्या. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे. उशीर झाला तर कारण सांगून माफी मागता येते, पण ती मिळेलच या भरवशावर राहू नका. २०१९ च्या कायद्याने तक्रार तुमच्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावला करता येते, दवाखाना नाशिकला असो की मुंबईला. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोगच ऐकतो. आणि तक्रार अण्णांच्या नावाने करा. हाल त्यांनी सोसले आहेत, ते तुमच्या खर्चाच्या यादीत शेवटी येता कामा नयेत.

वकील मॅडम, चाळीसगावहून लिहितो. बहीण बाळंतपणात रक्त जाऊन गेली. लोकांचा संताप झाला, दवाखान्याच्या काचा फुटल्या. आता आमच्याच घरच्या चौघांवर गुन्हा दाखल आहे आणि डॉक्टरवर पोलीस गुन्हा घेत नाहीत. हा कुठला न्याय?

तुमच्या घरात आत्ता काय चाललं असेल याची मला कल्पना आहे. तरी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून सांगते, कारण कोर्टही त्या वेगळ्याच बघणार.

काचांचा गुन्हा महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याखाली आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, शिवाय नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. त्यासाठी फौजदारीचा वकील आजच द्या. तुमच्या बहिणीच्या मृत्यूची तक्रार या गुन्ह्यामुळे मरत नाही. फक्त त्या रात्रीच्या गोंधळात जे कागद हाती यायला हवे होते ते आले नाहीत, आणि त्याची किंमत तुम्हाला मोजावी लागेल.

डॉक्टरवर फौजदारी गुन्हा सहज नोंदत नाहीत. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फौजदारीसाठी साधी चूक पुरत नाही, ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा लागतो. पोलिसांनी आधी त्याच विषयाच्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या, निःपक्ष डॉक्टरचं मत घ्यावं आणि डॉक्टरला उठसूट अटक करू नये, असंही त्यात आहे. म्हणून तुमचा अर्ज आधी सिव्हिल सर्जनकडे मतासाठी जाईल. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि पाठपुरावा करा. घटना १ जुलै २०२४ ची किंवा त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागेल. त्यात नोंदणीकृत डॉक्टरला उपचारातल्या निष्काळजीपणासाठी दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भरपाई मात्र ग्राहक आयोगातून किंवा दिवाणी कोर्टातून. फौजदारीच्या निकालाची वाट बघत दोन वर्षांची मुदत घालवू नका.

आता अवघड भाग. बाळंतपणात अचानक रक्तस्राव होऊन बाई जाऊ शकते, डॉक्टरने सगळं वेळेत करूनही. मृत्यू झाला म्हणजे चूक झालीच, असं कायदा मानत नाही आणि मीही मानत नाही. प्रश्न वेळेचा आहे. रक्त जातंय हे किती वाजता लक्षात आलं? त्यानंतर कोण हजर होतं? रक्ताची मागणी कधी गेली? मोठ्या दवाखान्यात पाठवायचं कधी ठरलं आणि गाडी कधी निघाली? दवाखान्याची फाईल एक वेळ सांगेल. रक्तपेढीच्या रजिस्टरला मागणीची वेळ वेगळी लिहिलेली असते, रुग्णवाहिकेच्या नोंदीत तिसरी. या तिन्ही वेळा शेजारी ठेवल्या की बरंच कळतं, आणि रक्तपेढीच्या रजिस्टरवर दवाखान्याचा हात चालत नाही.

तुम्ही पोस्टमॉर्टेमबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा झालं नसावं. आपल्याकडे बाळंतिणीच्या देहाची चिरफाड नको म्हणून घरची वडीलधारी माणसं नकार देतात. त्यांची वेदना मला समजते. पण मृत्यूचं कारण सांगणारा सगळ्यात भक्कम कागद तोच असतो. वाचणाऱ्या इतरांनी एवढं लक्षात ठेवावं. तुमचं प्रकरण त्याशिवायही उभं राहू शकतं, फक्त वेळांच्या नोंदींवर जास्त भार येईल.

आपल्याच राज्यातलं एक जुनं प्रकरण सांगते. १९५३ मध्ये कोकणात मांडीचं हाड मोडलेल्या एका तरुणाला पुण्याला आणलं. पुरेशी भूल न देता, माणसं लावून जोर करून त्याचं हाड ओढलं. मुलगा शॉकने गेला. वडील त्र्यंबक गोडबोले कोर्टात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरविरुद्धचा निकाल कायम केला. भरपाई तीन हजार रुपये. पण रोगी हाती घ्यायचा की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने काळजी घेतली पाहिजे, हे त्या निकालात लिहिलं गेलं. आजही मी तक्रारीचा मसुदा या तीन टप्प्यांप्रमाणेच मांडते.

मी भुसावळला प्रॅक्टिस करणारा डॉक्टर. तुमच्यासारख्या वकिलांमुळे लहान गावातले डॉक्टर गंभीर रोगी घ्यायला घाबरतात. याचा विचार केलाय का?

केला आहे, डॉक्टरसाहेब, आणि तुमची भीती मला खोटी वाटत नाही. रात्री दोनला रक्तबंबाळ रोगी घेणारा लहान गावातला डॉक्टर नसेल तर रोगी रस्त्यातच जाईल. म्हणूनच दुसऱ्या डॉक्टरने फाईल बघून ‘इथे चूक नाही’ असं सांगितलं तर मी वकीलपत्र घेत नाही. नातेवाईकांना बसवून समजावते, कधी कधी त्यांची बोलणीही खाते. जबाबदार डॉक्टरांच्या एका गटाला मान्य असलेली पद्धत तुम्ही वापरली असेल, तर दुसऱ्या गटाचं मत वेगळं आहे एवढ्यावर तुम्ही दोषी ठरत नाही. कायदा इथे तुमच्या बाजूने आहे.

पण कागदाच्या बाबतीत एक विनंती. रात्री काय केलं ते त्याच रात्री लिहा, वेळ घालून. संमतीपत्रावर कोऱ्या जागी सही घेऊ नका. २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात तपासणीच्या संमतीवर गर्भाशय काढलं गेलं होतं, आणि ती संमती पुरेशी नाही असं न्यायालयाने सांगितलं. तुमच्या बाजूने बोलणारा कागद असेल तर माझ्यासारखी वकील फाईल बघून स्वतःच मागे फिरते.

वकीलबाई, मी अमळनेरची, वय ७२. मालक गेल्यावर घर पोराच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं. आता मला मागच्या खोलीत ठेवलंय. जेवण कधी मिळतं, कधी नाही. दवाखान्याला पैसे मागितले तर सून बोलते. पोराला जेलात घालायचं नाही. पोऱ्या ते मन्हाच शे. पण घरात नीट राहायचंय.

मावशी, तुमचं पत्र मी परत परत वाचलं. पोराला जेलात न घालता नीट राहण्याची वाट कायद्यात आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा तेवढ्यासाठीच केला आहे.

तुम्ही अमळनेरच्या प्रांत कार्यालयात अर्ज द्यायचा. तिथलं न्यायाधिकरण प्रांतसाहेब चालवतात. साधा अर्ज चालतो. त्यात लिहा : वय, घर कसं दिलं, आता काय हाल आहेत, महिन्याला किती लागतात. औषधाच्या चिठ्ठ्या जोडा. महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह मंजूर होऊ शकतो. मुलाला नोटीस गेल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा, फार तर तीस दिवस वाढवायचे, असं कायदा सांगतो. मधल्या काळात तात्पुरता निर्वाहही मागता येतो, तो नक्की मागा, कारण तारखा लांबतात. मूळ कायद्यात वकिलाला तिथे मज्जाव आहे. तुमच्या बाजूने बोलायला समाजकल्याण खात्याच्या अधिकाऱ्याची मदत मागता येते. हा अर्ज म्हणजे फौजदारी नाही. आदेश होऊनही मुलाने पैसे दिलेच नाहीत तर मात्र वॉरंट निघू शकतं आणि महिनाभरापर्यंत कैदही होऊ शकते, हे तुमच्यापासून लपवत नाही. तिथवर वेळ आणायची की नाही ते मुलाच्या हातात राहील.

घराचं बघू. याच कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळलं नाही, तर ते देणं रद्द करता येतं. म्हणून बक्षीसपत्राची प्रत काढा, दुय्यम निबंधक कार्यालयात नक्कल मिळते. त्यात ‘मुलाने सांभाळावे’ अशा अर्थाची ओळ आहे का बघू. नसेल तर काम जड जातं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट दिसली पाहिजे असं सांगितलं आहे. पण बक्षीसपत्र केलं त्याच दिवशी वेगळा कागद केला होता का, तेही आठवा. मध्य प्रदेशातल्या उर्मिला दीक्षित या आईच्या प्रकरणात मुलाने सांभाळण्याचं वचन वेगळ्या कागदावर दिलं होतं. २ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तिचं घर तिला परत दिलं आणि हा कायदा म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे वाचा, असं बजावलं.

मुलीला यात ओढायचं नाही, असंही तुम्ही पत्रात पुढे लिहिलं आहे. अर्ज तुम्ही एकट्या मुलाविरुद्ध करू शकता. तो मात्र ‘बहिणीलाही सामील करा’ म्हणू शकतो, कारण लग्न झालेल्या मुलीवरही आईबापाची जबाबदारी आहे. १९८७ मध्ये कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं होतं. तेव्हा आखाजीला ती माहेरी येईल तेव्हा तिच्याशी आधी बोलून घ्या, नोटीस तिच्या सासरी अवचित जायला नको.

अजून बक्षीसपत्र न केलेल्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. सही करण्याआधी ती एक ओळ लिहून घ्या. मुलाला वाईट वाटेल म्हणून लिहीत नाहीत, आणि मग माझ्याकडे येतात. ‘मी हयात असेपर्यंत या घरात राहण्याचा माझा हक्क राहील आणि मुलगा माझा सांभाळ करील’, एवढं पुरे.

धडगाव तालुक्यातून. सरकारी दवाखान्यात चूक झाली तर काहीच करता येत नाही का? सगळे म्हणतात, फुकट उपचाराला तक्रार नसते.

ग्राहक आयोगात नसते, जर तो दवाखाना सगळ्यांना पूर्ण मोफत उपचार देत असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने तसं ठरवलं. पण जबाबदारी संपत नाही. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ मध्ये चंद्रिकाबाई नावाच्या बाळंतिणीच्या पोटात शस्त्रक्रियेच्या वेळी कापड राहिलं आणि ती गेली. घरच्यांनी दिवाणी दावा केला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारलाच जबाबदार धरून ३६ हजारांची भरपाई कायम केली. दावा लावण्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. स्त्रिया आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. नंदुरबारला कोर्टाच्या आवारात चौकशी करा. आणि उपचार महात्मा फुले योजनेतून खासगी दवाखान्यात झाले असतील, तर बिल दुसऱ्या कोणी भरलं म्हणून सेवा फुकट ठरत नाही, हे त्याच १९९५ च्या निकालाच्या आधारे मांडता येतं.

पारोळ्याहून : डॉक्टरवर ग्राहक आयोगात जाता येतं, मग तारखेला न येणाऱ्या वकिलावर का नाही?

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवलं. बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार आणि दिवाणी दावा या दोन वाटा उघड्या आहेत. तुमच्या वकिलाकडून फाईल परत मागा, तो तुमचा हक्क आहे, आणि वकीलपत्र बदला.

मॅडम, मी पुण्यात नोकरीला. वडील, आप्पा, वय ८१, धुळ्याला देवपुरात एकटे असतात. ब्युरोकडून दिवसरात्र माणूस ठेवला आहे. शेजारच्या काकू म्हणतात, आप्पा दिवसभर झोपलेले असतात आणि मनगटावर वळ दिसले. फोनवर आप्पा काहीच सांगत नाहीत, ‘बरं आहे’ म्हणतात. मी संशय घेतोय का?

मनगटावरचे वळ आणि दिवसभराची झोप या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी थांबून विचार करत नाही, तुम्हीही करू नका. पडल्याने मार लागतो तो गुडघ्याला, कोपराला, कपाळाला. दोन्ही मनगटांभोवती वळ येतो तो बांधल्याने किंवा आवळून धरल्याने.

न कळवता या आणि दोन रात्री घरीच झोपा. गोळ्यांची पाकिटं बघा : झोपेची गोळी आहे का, ती कोणत्या डॉक्टरने लिहिली, चिठ्ठीतल्या तारखेपासून किती संपायला हव्या होत्या आणि किती संपल्या. आप्पांना स्वतःच्या हाताने आंघोळ घाला, म्हणजे पाठ, मांड्या, दंड सगळं दिसेल. जुने कपडे किती सैल झालेत ते बघा. पासबुक भरून आणा आणि पैसे कोणत्या दिवशी निघाले ते तपासा. अंगठा घेतलेला एखादा कागद घरात आहे का शोधा. मग आप्पांना सिव्हिलला न्या आणि ‘मारहाणीचा संशय’ असं स्पष्ट सांगून तपासणीची नोंद करून घ्या. खासगी डॉक्टरची चिठ्ठी पुढे फार कामाला येत नाही. तोपर्यंत त्या माणसाशी वाद घालू नका. तो निघून गेला तर गोळ्या आणि कागदही जातील.

त्या माणसाबद्दलही एक सांगते. ब्युरो महिनोन्महिने सुट्टी न देता एकाच माणसाला दिवसरात्र ठेवतो, आणि काही जण थकून, रात्री झोप मिळावी म्हणून म्हाताऱ्याला बांधतात. त्याने गुन्हा कमी होत नाही, बांधणं हा गुन्हाच आहे. पण मग ब्युरोलाही जाब विचारला पाहिजे. त्यांनी कोणाला पाठवलं, पोलीस पडताळणी केली होती का, पावती काय दिली, हे सगळं लेखी मागा. पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, ग्राहक आयोगाचा दरवाजा इथेही उघडा आहे. तातडीची मदत हवी असेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत क्रमांक आहे, आणि जिवाला धोका वाटला तर थेट पोलीस.

आप्पा ‘बरं आहे’ म्हणतात कारण फोन धरून तोच माणूस शेजारी उभा असेल, किंवा मुलाला नोकरी सोडून यावं लागेल याची त्यांना भीती असेल. दोन्ही मी पाहिलं आहे. हे सगळं जमलं की मला भेटा आणि आप्पांना सोबत आणा. त्यांचं म्हणणं मला त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे, आणि त्या वेळी तुम्ही बाहेर बसायचं.